शिडाच्या जहाजांचे फोटो दरवेळी मऊ येतात? लेन्स विकायला काढण्याआधी हे तपासा

तक्रार अशी आहे. शिडाचं जुनं जहाज समुद्रातून जाताना टिपायला जायचं, कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसायचे आणि घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडले की एकाला धार नाही. डोलकाठ्या किंचित वाकड्या, दोर एकमेकांत मिसळलेले, नाळेजवळचं (जहाजाच्या पुढच्या टोकाजवळचं) नाव वाचता येत नाही. एकदा झालं तर हात हलला म्हणावं. माझ्याकडे हे उन्हाळ्यामागून उन्हाळे होत होतं, आणि ओळखीतल्या आणखी तिघांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा वाटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

मी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ राहते. इथल्या हार्टलपूल बंदरात २०१० साली आणि पुन्हा ६ ते ९ जुलै २०२३ या काळात मोठ्या शिडांच्या जहाजांच्या शर्यतीचा मुक्काम होता. २०२३ ला शेवटच्या दिवशी जहाजं ओळीने समुद्रात निघाली. त्या दिवशी मी नऊशेच्या वर फोटो काढले. ठेवण्याजोगे निघाले अकरा. त्या अकरांतलेही सात जहाजं गोदीत बांधलेली असतानाचे.

मग जे सगळे करतात तेच केलं. लेन्सला नावं ठेवली. ३०० मिमीची होती, ४०० ची घेतली. फोटो आणखी मऊ यायला लागले. हे का झालं ते पुढे येईल.

आधी फोटो वाचा

सेटिंगला हात लावण्याआधी बिघडलेला फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करा आणि चौकटीत इतरत्र काय दिसतंय ते बघा. जहाजाकडे नंतर.

अलीकडच्या लाटा कोरून काढल्यासारख्या आणि जहाज धूसर असेल तर फोकस चुकलाय. सगळ्याच गोष्टी एकाच दिशेने ओढल्यासारख्या असतील, म्हणजे पाण्यावरचा चमकता ठिपका ठिपका न राहता बारीक रेघ झाला असेल, तर हात किंवा पायाखालची बोट हललीय. पाणी आणि मागचा किनारा नीट, पण फक्त जहाज आडवं ओढलेलं, तर शटरचा वेग कमी पडला. डोलकाठी सरळ असायला हवी ती नागमोडी दिसते, एकाच बर्स्टमधल्या (बटण दाबून ठेवून सलग काढलेल्या) दोन फोटोंत तिचे वळसे वेगवेगळ्या जागी आहेत, तर दोष हवेचा. आणि सगळंच दुधाळ, काळं कुठेच नीट काळं नाही, असं असेल तर धुकं, नाहीतर लेन्सवरचा स्वस्तातला फिल्टर.

फोकसचा संशय सगळ्यांना पहिला येतो म्हणून त्याचा हिशेब आधी मिटवते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ४०० मिमी आणि एफ/८ ला (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथे फोकस लावला की तिथून पुढचं सगळं धारेत येतं ते अंतर, साधारण ६७० मीटर येतं. जहाज ३०० मीटरवर असेल आणि फोकस त्याच्यावर बसला असेल, तर साधारण २०० पासून ५४० मीटरपर्यंतचं सगळं धारेत यायला हवं. म्हणजे फोकस नाळेवर बसला की मधल्या डोलकाठीवर, याने काही बिघडत नाही. बिघडतं ते मध्येच येणाऱ्या गोष्टींनी. ऑगस्ट २०२५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या 'सेल'ला, म्हणजे शिडांच्या जहाजांच्या मेळ्याला, हे पुरेपूर अनुभवलं. दर पाच वर्षांनी भरणारा तो सोहळा (२०२० चा कोरोनामुळे रद्द झाला होता), पहिल्या दिवशी मोठी जहाजं आयमाउडनहून उत्तर समुद्र कालव्याने शहरात येतात, आणि त्यांच्याभोवती लहान होड्यांची ही गर्दी. कॅमेरा आपला जवळच्या होडीतल्या माणसाच्या टोपीवर फोकस लावून मोकळा. उपाय साधा आहे: फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो जहाजाच्या अंगाची कड जिथे पाण्यापासून वेगळी दिसते तिथे ठेवा. दोरांच्या जाळ्यावर ठेवलात तर तो आरपार आकाशात जातो.

'जहाज तर संथ चाललंय'

मीही हेच म्हणायचे आणि शटर १/१२५ सेकंदावर ठेवून खुशाल फोटो काढायचे. गणित करून बघा. जहाज ६ नॉटने चाललंय, म्हणजे सेकंदाला साधारण ३ मीटर. तुमच्यापासून ३०० मीटरवरून ते आडवं जातंय आणि लेन्स ४०० मिमीची आहे. सेन्सरवर त्याची प्रतिमा सेकंदाला ४ मिलिमीटर सरकते. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा, म्हणजे सेकंदाला साडेसहाशेहून जास्त पिक्सेल. १/१२५ ला जहाज पाच पिक्सेल पुसलं जातं. डोळ्याला बैलगाडीच्या चालीने जाणारं जहाज सेन्सरला पळताना दिसतं.

स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही. ते तुमच्या हाताचा कंप आवरतं, जहाज थांबवत नाही. १/१००० च्या खाली जायचं नाही हा नियम मी करून घेतला. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, ८०० झाला तरी होऊ दे. कणदार फोटो नीट करता येतो, पुसलेला येत नाही. एफ/२२ चं वेडही सोडा. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश विवर्तनाने पसरतो आणि वर शटरही खाली येतं. एफ/८ पुरे.

बोटीतून फोटो काढत असाल तर कोपर कठड्याला टेकवू नका. इंजिनाची थरथर कठड्यातून सरळ कॅमेऱ्यात जाते. पाय थोडे फाकवून, गुडघे सैल ठेवून उभं राहायचं. कोकणात मचव्यात उभं राहिलेल्यांना हे सांगावं लागत नाही.

एवढं सगळं केल्यावर माझे फोटो सुधारले. पण अर्धेच. दुपारचे, दूरवरचे फोटो १/२००० ला काढूनही मऊच. तेव्हा लेन्सची एकदा रीतसर परीक्षा घ्यायचं ठरवलं.

ट्रिंकोमालीवर परीक्षा

परीक्षेला हलणारं जहाज उपयोगाचं नाही, आणि घरातली विटांची भिंतही नाही. तेवढ्या जवळच्या अंतरावर ४०० मिमीची लेन्स काय करते ते मला नकोच होतं. हवं होतं ते पाण्यावर तरंगणारं पण जागचं न हलणारं, बारीक दोरांचं, काळ्या-पांढऱ्या कडांचं जहाज. असं एक हार्टलपूललाच आहे, आणि ते मुंबईचं आहे.

एचएमएस ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली मलबारी सागवानात बांधलेलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरवलेलं. अजून तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांतली ही सर्वांत जुनी. ॲडमिरल नेल्सनची युद्धनौका 'व्हिक्टरी' वयाने मोठी आहे, पण ती कोरड्या गोदीत. १९८७ मध्ये ट्रिंकोमाली हार्टलपूलला आणली आणि २००१ पर्यंत तिची दुरुस्ती चालली होती. नाळेवर फेटेवाल्या माणसाचा पुतळा आहे. माझे बाबा मुंबईहून आले तेव्हा त्यांना घेऊन गेले होते. आत गेल्यावर त्यांनी लाकडावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "सागवानच आहे, वाजतंय बघ." नंतरचा अर्धा तास फेटेवाल्यासमोर.

तर परीक्षा अशी. सकाळी, ढगाळ हवेत, ट्रायपॉडवर, गोदीच्या पलीकडून शक्य तितक्या अंतरावरून तिचा फोटो काढायचा. काळ्या अंगावर पांढरा पट्टा आहे आणि पट्ट्यावर तोफांच्या चौकोनी खिडक्या. त्या खिडक्यांच्या कडा म्हणजे डोळे तपासायचा तक्ताच. स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, एफ/८. मग फोकस मोडून, पुन्हा लावून असे दहा फोटो.

दहापैकी दहा धारदार. डोलकाठीवरच्या दोरांचे पीळ मोजता येत होते. लेन्स निर्दोष सुटली.

त्याच दिवशी दुपारी तीच लेन्स घेऊन हेडलंडवर गेले. हे गावाचं जुनं टोक, समुद्रात घुसलेलं. दीड-दोन किलोमीटरवरून एक दोन डोलकाठ्यांचं जहाज चाललं होतं. फोटो पूर्वीसारखेच मऊ. लेन्स तीच, कॅमेरा तोच, बाई तीच. बदलली होती ती मधली हवा.

दोष हवेचा, आणि तोही तुमच्या पायापाशीच्या

उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर ऊन लहरताना आपण पाहतो. गरम आणि थंड हवेची घनता वेगळी, त्यामुळे त्यांतून जाणारा प्रकाश थोडा थोडा वळत जातो. दूरच्या जहाजाकडे बघताना नुसत्या डोळ्यांना ही थरथर जाणवत नाही. टेलिफोटो तिला जहाजाबरोबरच मोठी करते. लांब लेन्स घेतल्यावर माझे फोटो का बिघडले याचं उत्तर हे. लेन्स लांब झाली म्हणून मी जहाजं आणखी दुरून टिपायला लागले, म्हणजे जास्त हवेतून बघायला लागले.

पण सगळी हवा सारखी बिघडवत नाही. हे मला उशिरा कळलं. घरी एक प्रयोग करा. ट्रेसिंग पेपर वर्तमानपत्रावर टेकवून ठेवा, अक्षरं वाचता येतील. तोच कागद डोळ्यापाशी धरा, पांढऱ्या धुराशिवाय काही दिसणार नाही. हवेचंही तसंच: जहाजाजवळची थरथर तुलनेने माफ, लेन्सजवळची फार महाग पडते. आणि लेन्सजवळ काय असतं? उन्हात तापलेला दगडी धक्का, मोटारींचे पत्रे, फरशी. जुलैत इथला समुद्र तेरा-चौदा अंशांचा असतो. थरथर बहुतेक वेळा समुद्रावर नव्हतीच, ती माझ्या पायाखालच्या फरसबंदीवरून उठत होती. मी गर्दी टाळायला धक्क्याच्या मागच्या बाजूला, पार्किंगपाशी उभी राहायचे. तिथून वीस पावलं पुढे, पाण्याला लागून असलेल्या कठड्याशी गेले आणि त्याच दुपारी, त्याच अंतरावरचे फोटो बदलले. फुकटात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडलेला मला माहीत नाही.

याचंच एक भावंड म्हणजे मोटारीतून फोटो काढणं. वारा बोचरा म्हणून मी कितीदा तरी काच खाली करून सीटवरूनच फोटो काढलेत. उन्हात उभ्या गाडीतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडते, बाहेरची थंड आत येते, आणि ही घुसळण बरोबर लेन्सच्या तोंडाशी. यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. गरम गाडीतून काढलेली लेन्सही वीस-तीस मिनिटं बाहेर ठेवा, हूडच्या नळकांड्यातली हवा निवू द्या.

बाकी उपाय वेळेचे आणि अंतराचे. पावसाची सर येऊन गेल्यावर हवा छान असते. ढग आला की पाच-दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात उरकायचं. उंचावर उभं राहणं बरं, कारण नजर तापलेल्या जमिनीला घासून जात नाही. थरथर क्षणाक्षणाला बदलते, म्हणून वीस-तीस फोटोंचा बर्स्ट मारा. त्यात एखादा असा निघतो की हवा त्या क्षणी गप्प होती. शटर वाढवून मात्र इथे काही होत नाही. वाकडी डोलकाठी १/४००० ला वाकडीच राहते, फक्त स्पष्ट वाकडी दिसते.

अंतराचा एक अंदाज पाठ करून ठेवा: ७० मीटर लांबीचं जहाज ४०० मिमीच्या लेन्सने ८०० मीटरवरून आडवी चौकट भरतं. त्याहून दूर असेल तर लेन्स वाढवू नका, जागा बदला. अॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठी जहाजं शे-दीडशे मीटरवरून जात होती. ७०-२०० मिमीच्या साध्या लेन्सने भर दुपारी दोरन् दोर आला.

एक प्रकार मात्र असाध्य आहे. थंड समुद्रावर गरम हवेचा थर पसरला की प्रकाश खाली वळतो आणि क्षितिजावरचं जहाज उभं ताणल्यासारखं दिसतं, कधी अंगाची भिंतच होते, कधी जहाज पाण्याच्या वर अधांतरी. हे वरच्या बाजूचं मृगजळ. धार येणार नाही. पण फोटो काढून ठेवा, फार गमतीचे येतात.

पूर्व किनाऱ्याचं त्रांगडं

आपल्याकडे अलिबागला किंवा मालवणला सगळं सोपं असतं. सकाळी ऊन पाठीशी, समुद्र समोर, जमिनीवरून मतलई वारा, हवा शांत. जहाजावर प्रकाश छान आणि थरथर नाही. इथे उत्तर समुद्र पूर्वेला. सकाळी हवा शांत असते तेव्हा सूर्य तोंडावर, आणि दुपारी ऊन पाठीशी येतं तेव्हा धक्का तापलेला. म्हणजे धार हवी तर काळी आकृती घ्या, रंग हवे तर थरथर घ्या.

मला सापडलेली वाट संध्याकाळची. जुलैच्या सुरुवातीला इथे सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. सात-साडेसातनंतर फरशी निवते, ऊन अजून पाठीमागून, तिरपं, पिवळं, आणि शिडांच्या घड्या दिसायला लागतात. मिरवणुकीची वेळ आपल्या हातात नसते हे खरं. पण जहाजं एक-दोन दिवस आधी येतात, काही बाहेर नांगर टाकून थांबतात. मिरवणुकीपेक्षा त्या संध्याकाळीच माझे चांगले फोटो आलेत. कोचीला नौदलाची 'तरंगिणी' किंवा 'सुदर्शिनी' (दोन्ही गोव्यात बांधलेल्या) टिपणाऱ्यांनी मात्र सकाळच धरावी.

फोटो धारदार, पण शिडंच नाहीत

हा बिघाड नाही, पण तक्रार इतक्यांची असते म्हणून लिहिते. आडव्या परबाणांवर (डोलकाठीवरच्या आडव्या काठ्यांवर) चौकोनी शिडं लावणारं जहाज वाऱ्याच्या तोंडाशी साधारण सहासष्ट-सदुसष्ट अंशांपेक्षा कमी कोन करून जाऊ शकत नाही. पूर्वेचा वारा असताना हार्टलपूलहून पूर्वेला निघायचं तर शिडं गुंडाळून इंजिनावरच जावं लागतं. आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघा. पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा असेल तर शिडं उभारली जाण्याची आशा. पूर्वेचा असेल तर आणखी एक धोका: दमट हवा थंड पाण्यावरून येते आणि दाट धुकं किनाऱ्यावर चढतं. त्या दिवशी लांब लेन्स पिशवीतच राहू द्या आणि गोदीतल्या जहाजांचे दोर, कप्प्या, पितळी घंटा टिपा. धुक्यात त्या फार सुंदर दिसतात.

बारीकसारीक

उन्हात पांढरी शिडं फोटोत जळून जातात, म्हणजे नुसती पांढरीफटक येतात, कारण कॅमेरा गडद पाणी बघून उजेड वाढवतो. एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. पोलरायझर (पाण्यावरची चकाकी कमी करणारा फिल्टर) दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे १/१००० चं १/२५० होतं. मी काढूनच ठेवला. लेन्सच्या संरक्षणासाठी लावलेला स्वस्त फिल्टर काढून एकदा फोटो घ्या आणि लावून एकदा. माझ्याकडचा त्याच दिवशी कचऱ्यात गेला. मोबाइलने दुरून टिपणाऱ्यांनी दोन बोटांनी झूम करू नये. जहाज जवळ येईपर्यंत थांबावं.

आणि ते आपोआप धार लावणारं सॉफ्टवेअर. मी वापरून पाहिलं. त्याने जहाजाला असे दोर बांधून दिले की कुठल्या खलाशाने बांधले नसतील: एका डोलकाठीपासून निघून हवेतच संपणारे. लहान आकारात कोणाला कळत नाही. जहाजाच्या माणसाला दाखवलात तर तो हसतो.

गोदीतही मऊच आला तर?

वरची ट्रिंकोमालीची परीक्षा (तुमच्या गावात जे स्थिर जहाज, पूल किंवा दीपगृह असेल त्यावर) ट्रायपॉडवर, ढगाळ सकाळी घेऊनही फोटो मऊ आला, तर दोष खरोखर यंत्रात आहे. तेव्हा आणखी दोन फोटो काढा. एकात जहाजाची नाळ चौकटीच्या डाव्या कडेला ठेवा, दुसऱ्यात कॅमेरा वळवून तीच नाळ उजव्या कडेला. दोन्ही वेळा चौकटीची एकच बाजू मऊ राहिली तर लेन्सचं आतलं भिंग सरकलंय. दोन्ही बाजू सारख्याच मऊ, पण पडद्यावर बघत हाताने फोकस फिरवल्यावर धार येते, असं असेल तर ऑटोफोकस जुळवायला हवा. जुन्या डीएसएलआरवर हे हमखास होतं आणि बऱ्याचशा मॉडेल्सच्या मेन्यूत त्याची सोय असते. दुरुस्तीवाल्याकडे जाताना हे फोटो छापून न्या. 'मऊ येतात' एवढंच सांगितलंत तर तो लेन्स पुसून परत देतो. मला दोनदा दिलीय, दोन्ही वेळा बिलासकट.